क्लचची केबल आणि डावा हात

क्लचची केबल तुटली ती एका रविवारी सकाळी, साडेदहाच्या सुमारास. पोळा होऊन पंधरवडा झाला होता आणि नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मोटारसायकल जालन्यात, मस्तगड भागातल्या आमच्या घराच्या अंगणात स्टँडवर उभी होती. ती कुठेही निघालेली नव्हती. केबल तुटली तेव्हा लिव्हर माझ्या हातात होता.

आवाज मोठा झाला नाही. जाड दोरा दाताने तोडल्यावर होतो तेवढाच. आधी लिव्हर दाबायला जड गेला, मनगटापर्यंत कळ आली, आणि पुढच्या क्षणी तो पोकळ झाला. शेजारी पाण्याची बादली होती, बादलीत फडकं. मी गाडी धूत होतो, कारण दुपारी चारच्या गाडीने परतूरहून वडिलांच्या ओळखीचा एक माणूस ती विकत घ्यायला येणार होता.

वडील एका बियाणे कंपनीत क्षेत्र पर्यवेक्षक होते. भोकरदन तालुक्यातले कपाशीचे बीजोत्पादनाचे प्लॉट त्यांच्याकडे होते. भाद्रपदात त्यांचा खरा हंगाम सुरू व्हायचा. संध्याकाळी बाया कळ्या सोलून त्यांवर लाल कागदाच्या लहान पिशव्या चढवत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून त्यावर फिरवत. वडील सरींमधून चालत आणि वेगळं दिसणारं झाड भेसळीचं म्हणून उपटायला लावत. लहानपणी मी एकदा त्यांच्यामागे बसून गेलो होतो. हिरव्या रानात दूरपर्यंत लाल ठिपके, आणि त्यांच्यामधून वडिलांची पांढरी टोपी सावकाश सरकत जाताना दिसत होती. त्या दिवशी कोणी मोठ्याने बोलल्याचं मला आठवत नाही.

पोळ्याच्या दिवशी त्यांनी घरात सांगितलं की गाडी विकायची आणि कंपनीच्या गोदामात बसायचं काम घ्यायचं. कारण विचारलं तर म्हणाले, "वय झालं." ते चोपन्न वर्षांचे होते. मी औरंगाबादला एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो आणि दर पंधरा दिवसांनी घरी यायचो. खरं कारण मला शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर आईने सांगितलं.

"ह्यांच्या डाव्या हातातली ताकद चालली," ती म्हणाली. "क्लच दबंना झालाय. कोणाला सांगू नको म्हणलेत. मी तुला सांगून राह्यले."

वडिलांच्या थोरल्या भावाला, आमच्या आण्णांना, लकवा झाला होता. सुरुवात डाव्या हातापासून झाली. आधी पेला सुटायचा, मग चमचा, आणि वर्षाच्या आत ते अंथरुणाला लागले. शेवटचे सात महिने त्यांना वडिलांनी भरवलं. आता वडील रोज पहाटे मोरीत पितळी तांब्या काठोकाठ भरून डाव्या हाताने काठाला धरून उचलत आणि ओठ हलवत आकडे मोजत. आईने दाराच्या फटीतून ते दोनदा पाहिलं होतं. डॉक्टरकडे ते गेले नव्हते.

केबल तुटल्याचं त्यांना लिंबाखालच्या बाजेवरून समजलं.

"तुटली का?"

"तुटली."

"मरू दे. तो चारला येऊन राह्यलाच. म्हणू त्याला, नवी टाकून घे." थोड्या वेळाने ते पुन्हा बोलले. "नको. तुटकी गाडी माथी मारली म्हणायचा. काढ ती. घरीच टाकू."

मी इंजिनाजवळचं टोक सोडवायला बसलो. पाना नटावर बसेना.

"उलटा धरला," ते बाजेवरून म्हणाले. "पेपरात काय करतो रे तू?"

"बातम्या तपासतो."

"म्हंजे दुसऱ्याच्या चुका काढतो. मंग जरा हातातला पाना बी तपास."

केबल कशी काढायची हे ते डोळे मिटून सांगत होते. आधी इंजिनाकडचं टोक, मग लिव्हरकडचं. ओढण्याआधी खालच्या टोकाला सुतळी बांध. केबल निघाली की तिच्या जागी सुतळी राहते आणि नवी केबल त्याच वाटेने जाते, टाकीखालून, हेडलाइटच्या मागून. वाट चुकली तर हँडल वळवताना केबल ताणते. ते हे इतक्या हळू बोलत होते की एखाद्या गावाचा रस्ता सांगत असल्यासारखं वाटत होतं. जुनी केबल बाहेर आली आणि टाकीखाली सुतळी राहिली.

स्पेअर पार्टचं दुकान रविवारी बंद असे, पण मालक वरच राहायचे. राजस्थानातून त्यांचे आजोबा-पणजोबा कधीतरी आलेले. त्यांनी अर्धं शटर उचललं आणि मला वाकून आत यायला लावलं. आत काळोख आणि रबराचा वास होता.

"काय पत्रकार, आमच्या गल्लीतला खड्डा कधी छापून राह्यले? त्यात बिचारी म्हैस पण पडून उठली."

मी जुनी केबल मापासाठी पुढे केली. त्यांनी आवरण एका हातात धरलं आणि आतली तार पकडीने ओढली. तार हलली नाही. पाय लावून ओढली, तेव्हा कुठे सूतभर सरकली. मग त्यांनी ब्लेडने वीतभर काळं आवरण चिरलं. आत तारेभोवती तपकिरी, चिकट थर होता, पाकातून काढल्यासारखा. त्यांनी तो नखाने खरवडून नाकाशी नेला.

"घरचं तेल कोणी टाकलं ह्यात?"

मी वाकून तो थर पाहिला.

"करडईचं हाय. बिलकुल करडईचं. भैया, हे तेल हवेत सुकतं. आमचे दादाजी लाकडी दरवाज्याला लावायचे, आठ दिवसात वार्निशसारखं बसायचं." त्यांनी तार पुन्हा ओढून दाखवली. "हा क्लच दाबायला पहिलवान पाहिजे. कोण चालवून राह्यलं होतं ही गाडी?"

"वडील."

"त्यांचं मनगट लोखंडाचं आसंल." त्यांनी नवी केबल दिली आणि गाडीच्या तेलाची एक छोटी बाटली. "हे टाका. नव्या केबलला भज्यासारखं तळू नका."

दुकानापासून घर पायी दहा मिनिटांवर होतं. त्या दिवशी मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. ऊन पिवळं होतं, दुकानांच्या फळ्या लागलेल्या होत्या. कुठल्यातरी माडीवर रेडिओ चालू होता, पण शब्द खाली पोहोचत नव्हते. केबल मी गोल करून खांद्याला अडकवली होती आणि तिची दोन्ही टोकं चालताना एकमेकांवर आपटत होती. मे महिन्यातली एक दुपार माझ्याबरोबर चालत होती.

मे महिन्यात मी सुट्टीवर आलो होतो. क्लच दाबताना बारीक करकर ऐकू यायची. आमच्या घरात जे जे करकरे त्याला करडईचं तेल मिळे: दाराच्या बिजागऱ्या, रहाटाचं चाक, झोपाळ्याच्या कड्या. करडई मामाच्या शेतातली असायची, तेल घाण्यावरून काढून आणलेलं, आणि त्याच्याहून चांगलं तेल जगात असेल अशी शंका कोणाला नव्हती. मी स्वयंपाकघरातली बाटली घेतली आणि लिव्हरच्या बाजूने केबलमध्ये भरपूर तेल सोडलं. करकर थांबली. मी औरंगाबादला निघून गेलो. तेल घातल्याचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

घरी पोहोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. वडील बाजेवर झोपले होते. आई स्वयंपाकघरात होती. मी लिंबाच्या खोडातल्या खिळ्याला नवी केबल उभी टांगली, वरच्या टोकाला वर्तमानपत्राच्या कागदाचा शंकू दोऱ्याने घट्ट बांधला आणि त्यात गाडीचं तेल ओतलं. खाली एक बशी ठेवली. तेल आपल्या वजनाने आतून उतरतं. खालच्या टोकातून थेंब पडला की समजायचं, पूर्ण केबल भिजली. घाई करता येत नाही.

मी बाजेच्या पायथ्याशी बसलो. शंकूतलं तेल खाली जातंय की तसंच आहे, हे पाहून कळत नव्हतं. लिंबाच्या पानांमधून उन्हाचे कवडसे वडिलांच्या सदऱ्यावर पडत होते आणि वारा आला की सगळे एकदम सरकत होते. गाडी समोर उभी होती, निम्मी धुतलेली. धुतलेली बाजू वाळली होती आणि त्या बाजूला आकाश दिसत होतं.

मग मला त्यांचा डावा हात दिसला. तो बाजेच्या कडेवरून खाली लोंबत होता. त्याची चार बोटं हळूहळू आत वळली, मूठ झाली, क्षणभर थांबली, आणि तितक्याच हळू उघडली. त्याच वेळी उजवा पाय घोट्यातून किंचित खाली गेला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. आमच्या त्या गाडीचा गिअर उजव्या पायाला होता. झोपेत ते गिअर बदलत होते. कुठला रस्ता होता ते मला कळायला मार्ग नव्हता. मधे बराच वेळ हात स्थिर राहिला, तेव्हा रस्ता सरळ असावा. मी बसलो तेवढ्या वेळात बोटं सहा वेळा मिटली. सहाही वेळा चारही बोटं.

पावणेतीनला बशीत थेंब पडला. दुसरा पडेपर्यंत वडील जागे झाले होते आणि बशीकडे पाहत होते.

"आलं का खाली?"

"आलं." मी म्हणालो, "दादा, जुन्या केबलमधे करडईचं तेल होतं. वाळून बसलं होतं. तार आत चिकटली होती. दुकानात पाय लावून ओढली तेव्हा जेमतेम सूतभर सरकली."

"कोणी घातलं?"

"मी. मे महिन्यात."

ते उठून बसले. उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून मोजली. "मे... जेठ... आखाड. आखाडात जड जायला लागला होता."

आई दारात आली होती. "तरी मी म्हणू, बाटली अर्धी कशी झाली! मी त्या मांजरीला झाडूनं मारलं ना रे."

कोणी हसलं नाही. मी विचारलं, "दादा, दुसऱ्या कोणाची गाडी दाबून का नाही पाहिली?"

"पाहिली असती," ते म्हणाले. "अन् ती बी दबली नसती, तर?"

आई दारातच उभी राहिली.

नवी केबल त्यांनी स्वतः टाकली. सुतळी बांधून मी समोरून ओढली, त्यांनी मागून सोडली, आणि केबल टाकीखालून न अडखळता बाहेर आली. इंजिनाकडचं टोक त्यांनी अडकवलं, लिव्हरकडे एक सूत ढील ठेवली. हे सगळं दोन्ही हातांनी झालं, पण लिव्हरला त्यांनी दाबायचा हात लावला नव्हता.

"तू दाब," ते म्हणाले.

मी दाबला. "हलका आहे."

"तुझ्या हातानं मला काय कळणार?"

ते मोरीत गेले, साबण लावून हात धुतले, पंच्याला पुसले. परत येऊन गाडीवर बसले. गाडी स्टँडवरच होती. उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला. डाव्या हाताची चार बोटं लिव्हरवर ठेवली आणि बराच वेळ फाटकाकडे पाहत राहिले. फाटकाबाहेर गल्ली होती, गल्लीत कोणी नव्हतं.

मग दाबला. लिव्हर मुठीला टेकला.

सोडला, पुन्हा दाबला. मी अकरापर्यंत मोजलं. त्यानंतर त्यांनी करंगळी काढून तीन बोटांनी दाबला, मग दोन बोटांनी. आई पदर डोळ्यांना लावून आत गेली आणि आतून चहाच्या पातेल्याचा आवाज आला.

परतूरचे पाहुणे साडेचारला आले. गाडीभोवती एक फेरी मारली, टायर दाबून पाहिलं आणि बाजेवर बसले.

"चकाचक ठेवली हो," ते म्हणाले. "आता कागदं द्या, म्हंजे उजेडात निघतो."

"गाडी द्यायची न्हाई," वडील म्हणाले.

"असं कसं? शब्द दिल्ता तुम्ही!"

"दिल्ता. तवा माझा हात खराब होता."

पाहुण्यांनी वडिलांच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. हातात चहाची बशी होती. "मंग आता?"

"केबल बदलली."

पाहुणे माझ्याकडे वळले. मी मान हलवली. त्यांनी चहा संपवला, आणखी अर्धा कप मागितला, परतूरच्या बाजारात मुगाचा काय भाव चाललाय ते सांगितलं, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

माझी सुट्टी सोमवारपर्यंत होती. सोमवारी सकाळी सव्वासहाला वडिलांनी गाडी फाटकाबाहेर काढली. पहिला गिअर फाटकापाशी पडला, दुसरा कोपऱ्यावर. तिसरा मला ऐकू आला नाही. गोदामातल्या कामासाठी लिहिलेला अर्ज खिशातून काढून त्यांनी टेबलावर ठेवला होता. तो दिवसभर तिथेच होता, वर पेपरवेट.

अंधार पडायच्या आत ते परत आले. पिंपळगाव रेणुकाईच्या दोन प्लॉटांची पाहणी झाली होती. तिसरा चिखलामुळे राहिला.