शेवटची खुंटी

देवळीच्या त्या सुतार मिस्त्रीला काही विचारलं की तो उत्तर देत नसे, हातात लाकूड देई. शेतावर छोटी लाकडी खोली बांधायचं ठरलं तेव्हा त्यानं सागाचे दोन नमुने आणले. एक सांधा खिळ्यांनी जोडलेला, दुसरा खाच पाडून लाकडी खुंटीनं. "हालवून पाहा जी." खिळ्यांचा लगेच डुगडुगला. मी खुंटीचा निवडला.

पुढे प्रत्येक सांधा बसला की तो डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवी आणि म्हणे, "हालवा जी." शेवटची खुंटी मात्र मालकानं ठोकायची, अशी त्याची रीत होती.

ती एकच उरली असताना तो पुतणीच्या लग्नाला गेला. इकडे मी मोबाइलवर वादळात उडालेल्या खोल्या पाहिल्या आणि घाबरून वर्ध्याहून दुसरा माणूस बोलावला. त्यानं सांध्यांवर लोखंडी पट्ट्या मारल्या.

मिस्त्री परतला. "हे काऊन केलं?" असं तो विचारेल म्हणून मी वाऱ्याचं कारण तयार ठेवलं होतं. त्यानं विचारलंच नाही. पट्ट्यांवरून अंगठा फिरवला, पण डोळे उघडे ठेवून. मग पेचकस मागितला आणि त्या माणसानं ढिले ठेवलेले पेच एकेक करून कसले. "लाकूड सुकन तसे आणखी ढिले होतीन. पाहात राहजा." मला मान वर करवेना.

नंतर त्यानं शेवटची खुंटी भोकावर धरली. मी हात पुढे केला. हातोडा त्यानं दिला नाही, स्वतःच ठोकली. आणि हलवून पाहायलाही सांगितलं नाही.