अण्णांची गॅसची गोळी

नळदुर्गला हायवेवर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आणि काकांचा ढाबा आहे. तंदूर अण्णांचा, गल्ला काकांचा. मी सोलापुरात फार्मसीच्या पोरांना औषधशास्त्र शिकवते. गेल्या दिवाळीत घरी गेले, तर तंदूरवर भलताच माणूस आणि अण्णा मागं मोरीजवळ कांदे सोलत बसलेले.

“अण्णा, इथं का बसलात?”

उत्तर काकांनी दिलं. “हात थरथरतेत त्याचे. पितंय चोरून, दुसरं काय! गिऱ्हाईक काय म्हनंल?”

अण्णांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. तरी ते कांदेच सोलत राहिले. चेहऱ्यावर रागाची रेघसुद्धा उमटली नाही, तिथंच मी चरकले. अण्णा पाणी प्यायला उठले तर पाय घासत, आखूड पावलं टाकत गेले. चालताना हात हलत नव्हते. अंगठा बोटांवर आपोआप फिरत होता.

“गोळ्या कुठल्या घेताय?”

“येकच. गॅसची. लई दिवस झालं, रोज सकाळी घेतो.”

त्यांनी बंडीच्या खिशातून पाकीट काढलं. मागची बारीक अक्षरं वाचली आणि माझं डोकं भणाणलं. एका कॅप्सूलमध्ये दोन औषधं. पहिलं आम्ल कमी करणारं. दुसरं अन्न पुढं सरकवणारं, पण ते पोटापुरतं थांबत नाही. मेंदूत जाऊन डोपामाइनच्या रिसेप्टरवर ठाण मांडतं.

अण्णांना सांगितलं, “हातपाय नीट चालायला मेंदूत एक रसायन असतं, त्याला बसायला जागा लागते. आपल्या खाटेवर एखादा नुसताच आडवा झाला, जेवंना बी आन् उठंना बी, तर खरं गिऱ्हाईक कुठं बसंल?”

“मग उठीव की त्याला,” अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन, ज्यांनी ती कॅप्सूल लिहून दिली होती त्या डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, “वय झालं की कंप येतोच. कंपवाताची गोळी देतो.”

“आधी ही बंद करा. हिच्यामुळंच आलाय कंप.”

“मॅडम, ही तर सगळेच देतात.”

माझा तोल गेला. “सगळे देतात म्हणून माझ्या बापानं दारुडा म्हणवून घ्यायचं?”

बाहेरचे पेशंट दारात जमले. अण्णा माझी ओढणी ओढत होते, “डॉक्टरास्नी असं बोलू न्हाय, बाई.” मला त्यांचाही राग आला. हात त्यांचे गेले आणि ओशाळवाणे तेच!

सोलापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तपासून ती कॅप्सूल बंद केली. उन्हाळ्यापर्यंत अण्णांची पावलं मोकळी झाली. एकदा माझ्यावर कशावरून तरी खेकसले, कपाळाला चांगल्या आठ्या घालून, आणि तो राग परत आलेला बघून मला रडू आलं. आता ते तंदूरवर उभे राहतात. उजवा हात अजून थोडा थरथरतो. तो पूर्ण थांबेल असं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.

काकांना मी सगळ्यांसमोर म्हटलं, “दारूचं बोललात ते मागं घ्या.”

“मला काय ठाव? झालं न्हवं आता बरं?” एवढं बोलून ते टीव्हीकडं वळले.

परवा नळदुर्गच्या मेडिकलमध्ये गेले होते. शेजारच्या बाईनं ‘गॅसची’ मागितली. दुकानदारानं काही न विचारता तेच पाकीट पुढं ठेवलं. मी तिला म्हटलं, “मावशी, ही रोज घेऊ नका, हातपाय आखडतील.”

“ताई, तुमी तुमचं घ्या आन् जावा,” दुकानदार गुरगुरला.

बाईनं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि पाकीट पिशवीत टाकून निघून गेली.