तार उपटून कॉफीला जाणारा इल्पो

ऑफिसात आला की तो बूट काढायचा आणि बहिणीनं विणलेल्या लोकरी मोज्यांवर दिवसभर वावरायचा. कॉफीचा पहिला घोट खिडकीकडे तोंड करून घ्यायचा. कानावरची पेन्सिल टेबलभर शोधायचा. मनाविरुद्ध 'हो' म्हणायचं असलं की श्वास आत ओढून म्हणायचा. आणि नवी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार कोड, तपासायची असली की ती ऐन कामात असताना नेटवर्कची तार उपटायचा आणि कॉफीला निघून जायचा.

इल्पो वैनिओ गेल्या मंगळवारी गेला. एकसष्ट वर्षांचा होता. अंगणातला बर्फ काढताना कोसळला. मला अजून खरं वाटत नाही.

साहित्याची पदवी घेऊन मी तुर्कू शहरातल्या त्या छोट्या कंपनीत प्रोग्रॅमची माहिती लिहायच्या कामाला लागले. तेव्हा आम्ही बेटांवरच्या नर्सेससाठी एक प्रोग्रॅम बनवत होतो. कुणाकडे जायचं, कुणाची गोळी बदलली, हे निरोप दवाखान्यातून त्यांच्या टॅब्लेटवर जायचे. फेरीबोटीवर सिग्नल तुटायचा. तेवढ्यात एक निरोप हरवला तरी एखादी म्हातारी जुनीच गोळी घेत राहणार. हे निरोप नेऊन पोचवणारं मिडलवेअर ओपन सोर्समधून निवडायचं होतं.

"म्हणजे पोस्टमन निवडायचा, कवयित्रीबाई," इल्पो म्हणाला. "फुकट मिळतोय. पण पत्रं टाकतो की नाही ते बघायला नको?"

"मी कविता लिहीत नाही."

"मग पदवी वायाच गेली तुझी."

शेवटी दोन लायब्ररी उरल्या. एक नावाजलेली, तिच्यामागे शंभरेक माणसं. दुसरी समुद्रापलीकडच्या हीउमा बेटावरच्या उर्मास नावाच्या एकट्या माणसाची. इल्पोनं दोन्हींतून हजार-हजार निरोप सोडले, मध्येच तार उपटली आणि मला दालचिनीचा पाव खायला घेऊन गेला. परत येऊन त्यानं तार जोडली. नावाजलेलीनं नऊशे एकसष्ट निरोप पोचवले. उर्मासच्या लायब्ररीनं हजारच्या हजार, तेही ओळीनं.

आमची प्रमुख मार्यूत वैतागली. "एकटा माणूस आहे, इल्पो! उद्या तो मेला तर कोण बघणार?"

"त्याला दुसरा माणूस मिळवून देऊ."

"कोण दुसरा?"

इल्पोनं पाय वर करून मोजे दाखवले.

"चेष्टा पुरे. तूच बघशील असं लेखी दे."

त्यानं श्वास आत ओढून 'हो' म्हटलं आणि लेखी दिलं. मग उर्मासला पत्र लिहिलं. तीन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: 'ये, पण आधी लायब्ररीबद्दलच्या जुन्या तक्रारी सगळ्या वाच.' इल्पोनं खरंच सगळ्या वाचल्या. वर्षभरात लायब्ररीच्या पानावर उर्मासच्या नावाखाली त्याचं नाव आलं. त्या दिवशी त्यानं आम्हाला केक खिलवला. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

त्या दुपारी मला फार आठवतात. कुणीतरी नवखा लायब्ररीबद्दल भाबडा प्रश्न विचारायचा. इल्पो उत्तर लिहून मला हाक मारायचा.

"हे वाच. चिडल्यासारखं वाटतंय का?"

"थोडंसं."

"कुठे?"

"'अर्थातच' या शब्दात."

तो शब्द काढायचा. मला वाटतं, साहित्याचा इतका नेमका उपयोग मी पुन्हा कधी केला नाही.

गेल्या शरदात उर्मासचे डोळे अधू झाले. इल्पो म्हणाला, "आता तिसरा शोधायला हवा. तो येईल तेव्हा त्याला वाट सापडली पाहिजे." नव्यानं येणाऱ्यासाठी तो टिपण लिहायला बसला. तुकडा झाला की मला दाखवायचा. शेवटचा तुकडा दाखवायचा राहिला.

काल मार्यूतनं मला त्याचा कॉम्प्युटर उघडायला सांगितलं. उर्मासनं विचारलं होतं, ते टिपण पुरं झालंय का. एका विद्यार्थिनीला काम शिकायचं आहे, आणि त्याला स्वतःला आता पडद्यावरचं वाचता येत नाही.

टिपण सापडलं. तीन पायऱ्या नीट लिहिल्या होत्या. 'अर्थातच' कुठेही नव्हतं. चौथी अर्ध्यावरच थांबली होती:

'हजार निरोप सोडा. तार उपटा. कॉफीला जा, घाई करू नका. परत आल्यावर आधी'