राखण सोडल्याची कबुली

ते प्रकरण आठवलं की अजून मला एका जागी बसवत नाही. उठून अंगणात फेऱ्या मारतो.

सिल्वासाला मी तेव्हा इन्स्पेक्टर होतो. राखोलीच्या पलीकडे एका पाड्यालगतचं जंगल सांभाळायला गावाच्या समितीकडे दिलं होतं. अध्यक्ष म्हणून साठीच्या एका वारली शेतकऱ्याचा अंगठा घेतला होता. एका सकाळी नरोलीच्या माझ्या खबऱ्याचा फोन आला, "साहेब, अध्यक्षानेच साग विकलाय. अकरा झाडं." दुपारी वनखात्याची लेखी तक्रारही आली. त्यात 'काही झाडे' असं मोघम होतं, पण राखणीची संपूर्ण जबाबदारी समितीची, हे मात्र स्पष्ट होतं. समितीला ना गणवेश, ना कोणाला अडवायचा अधिकार. जबाबदारी तेवढी संपूर्ण! मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं. चौकशीत माणसं आधी नाकारतात, मग रडतात, मग दुसऱ्याचं नाव घेतात. याने तसं काहीच केलं नाही.

"झाडं गेली त्याला जबाबदार कोण?"

"मीच सायेब. गुना माझाच."

मी खूश. कबुली मिळाली की पोलिसाच्या अंगात आळस शिरतो, हे स्वतःवरून सांगतो. अटक केली, कोर्टातून कोठडी घेतली आणि जागेचा पंचनामा तिसऱ्या दिवसावर ढकलला.

तिसऱ्या दिवशी त्याला घेऊन जंगलात गेलो. बुंधे जमिनीलगत सपाट कापलेले, भोवती पिठासारखा भुसा. सोबतचे हवालदार खानदेशातले आणि फटकळ. वाकून बघत म्हणाले, "सायेब, ढलपी एक बी नही. हाई मशीननं काम शे. ह्या बाबाकडे कुऱ्हाड सोडून काय शे?"

मी म्हाताऱ्याकडे वळलो. "काका, झाडं पडली तेव्हा तुम्ही कुठे होता?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा असतो.

"शिल्वासाला. सगल्या समितीला मिटिंगला बोलावला होता, राखन कशी करायची ता शिकवायला. मी राखन सोडून गेलू ना, सायेब. म्हनून गुना माझा."

वनखात्याच्या त्या मिटिंगच्या हजेरीपटावर त्याचा अंगठा सापडला. बुंधे मोजले तर बरोबर अकरा. पंचनाम्याआधी हा आकडा एकट्या माझ्या खबऱ्याला कसा ठाऊक? त्याला समोर बसवलं. तासाभरात त्याने लाकडाच्या एका ठेकेदाराचं नाव ओकलं. झाडं त्या ठेकेदारानेच कापून नेली होती, आणि मला फोन करायलाही त्यानेच सांगितलं होतं.

कागदपत्रं होऊन म्हातारा सुटायला आणखी दोन दिवस गेले. ठाण्याच्या फाटकाशी मी म्हणालो, "काका, चूक माझी झाली." त्याचं लक्षच नव्हतं.

"सायेब, पाच दिस तुम्ही मला हितं ठेवला. तिकडं राखनीला कोन होता?"

मी त्याला जीपमध्ये घातलं आणि निघालो. पोलीस नेतील या भीतीने पाड्यातलं कोणीही जंगलाकडे फिरकलं नव्हतं. आणखी तीन साग गेले होते. गुन्हा लगेच अंगावर घेणारा माणूस बहुधा गुन्हेगार नसतो. त्यालाच त्या गोष्टीची खरी चाड असते. हे शिकायला मला त्याचे पाच दिवस खर्ची घालावे लागले, याची आजही लाज वाटते.

तो ताज्या बुंध्यापाशी उकिडवा बसला. "हा पन माझाच लिवा," म्हणाला.

त्या तीन झाडांच्या गुन्ह्यात कोणाचं नाव लिहायला हवं, ते मला ठाऊक होतं. स्वतःचं नाव लिहायची माझी हिंमत झाली नाही.