पुजलेलं स्प्रिंग

रखमाबाईच्या घरातून एखादी वस्तू नाहीशी झाली की चोर शोधावा लागत नसे. ती वस्तू अंगणाच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली, नव्या कामाला लागलेली सापडे. मुसळाच्या टोकाचं लोखंडी कडं जीपचे हादरे झेलणाऱ्या पोलादी पाट्यांतला झिजलेला बुश ढकलून काढायला गेलं होतं. लोखंडी खाटेचा एक पाय कापून त्याची नळी झाली होती. ढकललेला बुश त्या नळीत येऊन पडे. खाट तेव्हापासून विटांवर होती आणि तिच्यावर झोपणारा माणूस रोज सकाळी कंबर धरून उठत होता. तो माणूस म्हणजे रखमाबाईचा नवरा, गंगाराम. त्याच्या कंबरेची तिला तिळभरही दया येत नसे.

सोपाऱ्याहून कळंबला जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांची वाडी. केळी, थोडी पानवेल, कुंपणाशी अबोली. गंगारामच्या बापाने या वाडीवर जीव टाकला. गंगारामला वाडीतलं फक्त लोखंड आवडलं. रेतीतून आणि कामणच्या बाजूच्या खडकाळ वाटांवरून फिरणाऱ्या जीपगाड्या त्याच्याकडे लंगडत येत आणि ताठ होऊन परत जात. हे रखमाबाईला मान्य होतं. तिचं म्हणणं एवढंच, की माणसाला एक काम येतं म्हणून त्याने उरलेल्या जगाला अडाणी समजू नये.

गंगाराम समजत असे. तुळिंजच्या दुकानांतून हत्यारं टांगलेली असत, चकचकीत, रांगेने. तो ती मुद्दाम बघून यायचा, जेवताना त्यांची निंदा करायचा आणि त्या दिवशी भात जास्त खायचा.

"विकतचं हत्यार म्हणजे विकतचं लोणचं," तो म्हणे. "बरणी तेवढी देखणी."

"आणि तुमचं?"

"माझं हत्यार माझा हात ओळखतं."

"ओळखतं म्हणूनच अंगठा काळा पडलाय वाटतं."

दोन हजार एकच्या नवरात्रात जितेंद्र आला. विरारला फ्लॅट, मुंबईत नोकरी, गाडी नवी आणि उंच. रविवारी मित्र जमवून हे लोक गाड्या मुद्दाम चिखलात घालत. गाळात रुतलेलं बैलगाडीचं चाक बाहेर काढताना तिच्या सासऱ्यांच्या खांद्याची सालटं निघत; शिकलेली माणसं त्यालाच मौज म्हणत होती.

जितेंद्रच्या गाडीला पाटे नव्हते, जाडजूड वेटोळ्याची स्प्रिंगं होती. त्यातलं पुढचं एक मोडलं होतं. नवं बसवायचं तर आधी दाबून आखूड करायला हवं, आणि दाबायचं हत्यार गंगारामकडे नव्हतं. दुसरा कोणी असता तर तुळिंजला गेला असता. गंगाराम विहिरीकडे गेला. पंप बसल्यापासून बापाचा रहाट तिथे मोडून पडला होता. त्याचं लोखंड त्याने तापवलं, ठोकलं, त्याचे आकडे केले आणि आटे पाडलेल्या दोन सळयांना ते जोडले. आकडे वेटोळ्यांत अडकवायचे, नट आवळत जायचे, की स्प्रिंग इंच इंच दबत येई. आवळताना गंगारामचं तोंड अगदी स्प्रिंगवर असे. नजर अधू झालेली आणि चष्म्याचा तिटकारा.

"काका, हे सेफ आहे ना?" जितेंद्रने विचारलं.

"तुझ्या नोकरीपेक्षा."

खंडेनवमीच्या सकाळी रखमाबाई पूजेचं तबक घेऊन छपराखाली आली. धुतलेली हत्यारं पाटावर मांडलेली होती आणि मधोमध, बाप्पासारखं, ते दाबलेलं स्प्रिंग. तिची नजर एका आकड्यावर थांबली. त्याचं तोंड किंचित उघडलं होतं. घागरी ओढण्यात तिचा जन्म गेला होता. दोराच्या आकड्याने अशी जांभई दिली की घागर तळाला गेलीच समजायचं.

"हा आकडा उघडतोय," ती म्हणाली. "सैल करा आणि मग ठेवा."

"सैल केलं तर लोकांना दिसणार काय? नुसत्या सळया? दाबलेलं स्प्रिंग बघू दे की गावाला."

"गाव बघेल. तुमचं तोंड पण बघेल, राहिलं तर."

"तू फुलं वाहा."

तिने फुलं वाहिली. हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. आकड्याला बोट लावताना श्वास धरला होता, पण तो नवऱ्याला दिसू दिला नाही.

दुपारी जितेंद्र आला. उद्या कळंबच्या किनाऱ्यावर सगळे जमणार होते आणि त्याची गाडी अजून लाकडी ठोकळ्यांवर उभी.

"काका, एकच तर स्प्रिंग बसवायचंय. तासाभराचं काम."

गंगारामने बाह्या सावरल्या. दाबलेलं स्प्रिंग उचलून गाडीखाली न्यायचं, तोंड आत घालून बसवायचं. तो वाकला, माळेला हात घातला.

"पुजलंय ते," रखमाबाई दारातून म्हणाली. "उद्या सोनं वाटल्याशिवाय उचलायचं नाही."

"देवाला कळतं, घाई आहे ते."

"मग तुमच्या बापाला कळत नव्हतं. नवमीला त्यांनी कधी विळा उचलला नाही, केळी पिकून गळली तरी."

गंगाराम कशालाही हसत असे. सरकारला, डॉक्टरला, विकतच्या लोणच्याला. पण हात माळेवरून निघाला. त्याने प्रथेला दोन शिव्या घातल्या आणि ओट्यावर जाऊन बसला.

"काका, तुम्ही पण मानता हे?" जितेंद्र हसला.

"मी नाही, ही मानते," गंगाराम म्हणाला. "बायकांपुढे शहाणपण चालत नाही. चहा घे."

चहा अर्धा झाला असेल. छपराखाली तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. केळीतले बगळे उठले. तिघे धावले, तेव्हा पाट उलटा पडला होता, हत्यारं विखुरली होती आणि पत्र्याला भोक पडून त्यातून सरळ ऊन खाली आलं होतं. सगळीकडे झेंडूच्या पाकळ्या. स्प्रिंग कुंपणाच्या अबोलीत जाऊन पडलं होतं, कुंकू लागलेलं.

गंगारामने उघडलेला आकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला.

"लोखंडच भिकार," तो म्हणाला.

"तुमच्या बापाच्या रहाटाचं आहे."

त्याने वर भोकाकडे पाहिलं, मग नकळत स्वतःच्या गालावरून हात फिरवला. रखमाबाईने ते पाहिलं. ती माळ्यावर चढली. बैल गेल्यापासून तिथे त्यांची साखळी पडून होती. तिने ती आणून त्याच्या पायाशी टाकली.

"कशाला ही?"

"पुढच्या वेळी स्प्रिंगला गुंडाळा. बैल तुमच्यापेक्षा शहाणे होते, तरी आम्ही बांधून ठेवायचो."

दसऱ्याला जितेंद्रने किनाऱ्यावरची मौज दुसऱ्यांच्या गाडीतून पाहिली. दोन दिवसांनी गंगारामने जाड आकडे घडवले, स्प्रिंगभोवती बैलांची साखळी आवळली, आणि मगच नटाला पाना लावला. तोंड हातभर दूर होतं.

"ही साखळी कशाला, काका?" जितेंद्रने विचारलं.

"माझी युक्ती आहे. विकतच्या हत्याराला असलं काही नसतं."

रखमाबाईने आतून ऐकलं. त्या दिवशी साखर फक्त जितेंद्रच्या चहात होती.