आधी नवऱ्याचा रिपोर्ट

उल्का करडे शुक्रजंतूंवर पीएचडी झाली तेव्हा कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेढे वाटले गेले, पण विषय सांगितला गेला नाही. "पेशींवर काहीतरी आहे," एवढंच वडील म्हणायचे. आळीत दिवसभर तांब्याच्या भांड्यांची ठोकठोक चालते, त्यामुळे पुढचं ऐकू आलं नाही तरी कुणी पुन्हा विचारत नसे. श्यामलाकाकूला मात्र हा आडपडदा मान्य नव्हता. ती पेढ्यांचा डबा घेऊन घरोघर फिरली आणि प्रत्येक दारात खणखणीत आवाजात म्हणाली, "आमची उल्का पुरुषांच्या बीजाची डॉक्टर झाली." दोन घरांनी पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही.

उल्काची आई लवकर गेली, तेव्हा काकूनेच तिला वाढवलं. काकूला स्वतःचं मूल नव्हतं. ते व्हावं म्हणून तिची तीनदा पिशवी साफ केली, म्हणजे क्युरेटिन झालं, एकदा पोटावर ऑपरेशन झालं, शिवाय आठवड्यातले तीन वार उपाशी गेले. या सगळ्या काळात काकांना कुणी साधं थर्मामीटरसुद्धा लावलं नाही. पुढे काका गेले, त्यांचा फोटो भिंतीवर लागला. मूल न होण्याचं खापर मात्र काकूच्याच डोक्यावर राहिलं.

उल्काला एका मोठ्या हॉस्पिटलच्या संशोधन विभागात नोकरी लागली, तेव्हा हिंजवडीत काचेच्या इमारती उगवायला लागल्या होत्या. वंध्यत्वाच्या ओपीडीत त्या इमारतींमधली जोडपी येत. बायकोच्या हातात जाड फाइल, नवऱ्याच्या हातात नवा मोबाइल.

"तुमची तपासणी झाली आहे का?" उल्का नवऱ्याला विचारायची.

"माझी कशाला? मी फिट आहे. मागच्याच रविवारी सिंहगड चढलो."

"शुक्रजंतूंना सिंहगड चढायचा नसतो," उल्का म्हणायची. त्यावर बहुतेक नवरे फोन आल्याचं सांगून बाहेर जात.

शेवटी तिने ठरवलं की या नवऱ्यांचाच अभ्यास करायचा. विभागप्रमुख डॉ. सुदर्शन बेहेरे यांनी परवानगी दिली, ती ही बाई महिन्याभरात कंटाळेल या खात्रीने. उल्काने हिंजवडीतल्या एका कंपनीत व्याख्यान ठेवलं. एचआरच्या बाईंनी फलकावर विषय लिहिला 'वेलनेस आणि तुम्ही', आणि नंतर समोसे आहेत असंही लिहिलं. हॉल भरला. उल्काने पहिल्याच वाक्यात 'वीर्यतपासणी' हा शब्द उच्चारला आणि पुढच्या दोन रांगांना एकाच वेळी तातडीचे ईमेल आले.

मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, सँपलसाठी वर्क फ्रॉम होम चालेल का?"

हॉल हसून हसून आडवा झाला. उल्का हसली नाही. "चालेल. पण तासाभरात ते आमच्या लॅबमध्ये पोचलं पाहिजे. उशीर झाला तर जंतू सुस्तावतात."

"हिंजवडीहून? तासाभरात? मॅडम, आम्हीच पोचत नाही!"

हा मुद्दा बिनतोड होता. म्हणजे आता लॅबलाच हिंजवडीला जावं लागणार होतं. तिथल्याच महिपती नावाच्या शेतकऱ्याने जमीन विकून तीन मजली हॉस्टेल बांधलं होतं आणि तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. तो दारातच खुर्ची टाकून बसला होता.

"कशाचं हापिस हाय म्हनायचं?"

"पुरुषांचं वीर्य तपासायचं आहे."

महिपतीने पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "म्हंजी डेअरीवाले वळूचं करत्यात, तसं?"

"साधारण तसंच."

"मग घ्या की खोल्या. फकस्त पाटी लावू नका. वर पोरींचं हॉस्टेल हाय."

पाटी लावली नाही, तशी गावात चौकशी सुरू झाली. महिपतीने परस्पर सांगून टाकलं, पाणी तपासत्यात. पुढच्याच आठवड्यात दोन बायका बोअरचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन आल्या. त्यांच्यामागे एका सोसायटीचे चेअरमन टाकीचं पाणी घेऊन आले आणि रिपोर्ट आजच हवा म्हणून अडून बसले. उल्काने सगळ्या बाटल्या मुकाट्याने ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. चेअरमनचं पाणी पिण्यालायक निघालं नाही.

पण त्या अफवेने तिचं काम सोपं केलं. "पाणी तपासायला आलोय," असं म्हणत इस्त्रीच्या शर्टातले तरुण येऊ लागले. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र खिशात कोंबलेलं असे. एकाने तर हेल्मेट काढायलाच नकार दिला. उल्काने त्याला हेल्मेटसकट आत पाठवलं.

दोन-अडीच वर्षांनी तिचा पेपर एका परदेशी जर्नलमध्ये छापून आला. त्यातलं मुख्य म्हणणं असं होतं की मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत नवऱ्याच्या रिपोर्टमध्येही काहीतरी दोष होता, आणि त्यातल्या बऱ्याच बायकांवर नवऱ्याची तपासणी होण्याआधीच शस्त्रक्रिया उरकल्या होत्या. शेवटी एका परिच्छेदात तिने लिहिलं होतं की मांडीवर लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्यांच्या शुक्रजंतूंची संख्या काहीशी कमी दिसते.

एका वर्तमानपत्राने तेवढा एक परिच्छेद उचलला आणि मथळा दिला, 'मांडीवर लॅपटॉप, पाळणा रिकामा'.

मग काय विचारता. हिंजवडीतल्या मुलांच्या आयांनी गावाकडून लॅपटॉप ठेवायला लाकडी पाट पाठवले. स्वारगेटजवळच्या एका दुकानदाराने 'डॉक्टरांनी सुचवलेली' लॅपटॉप-उशी विकायला काढली. उल्काने कसलीही उशी सुचवली नव्हती. टीव्हीवाले आले आणि पडद्यावर तिचं नाव 'उल्का करंडे' असं झळकलं. डॉ. बेहेरे तिच्या शेजारी उभे राहून दोन वेळा 'आमचं संशोधन' म्हणाले. सगळ्यात खूश झाले ते नवरे. बायकोवरचा दोष उठला तो थेट लॅपटॉपवर जाऊन बसला, मध्ये नवऱ्याला शिवलासुद्धा नाही. शस्त्रक्रियांबद्दल तिला एकानेही विचारलं नाही.

उल्काला हा गाजावाजा आवडला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. दिल्लीचं बोलावणं आलं, सिंगापूरचं आलं. आळीत लोक तिला 'लॅपटॉपवाल्या बाई' म्हणू लागले, आणि वडील आता विषयाचं नाव सांगू लागले.

मधल्या काळात तिने अभ्यास वाढवला होता. ज्यांना मुलं आहेत असे पुरुषही त्यात घेतले होते. सगळे आकडे हाती आले तेव्हा लॅपटॉपचा फरक उरलाच नाही. तिने उलटसुलट तपासून पाहिलं, सहकाऱ्यांना तपासायला लावलं. हळूहळू उलगडा झाला. पहिल्या वेळी ज्यांची संख्या कमी निघाली, त्यांतल्या बहुतेकांना आपल्यात काहीतरी बिघाड आहे अशी आधीच धास्ती होती. दोष द्यायला त्यांना काहीतरी हवं होतं, म्हणून लॅपटॉप मांडीवर घेतल्याचं त्यांना जरा जास्तच आठवलं होतं.

ती डॉ. बेहेऱ्यांकडे गेली. "सर, लॅपटॉपचं म्हणणं टिकत नाही. मी तसं छापणार आहे."

"अहो उल्काबाई, स्वतःच्याच पेपरवर बोळा फिरवायचा? आपण गप्प बसलो तर कुणाचं काय बिघडतंय? लोक पाट वापरताहेत, वापरू देत."

"आणि पाट आहे म्हणून तपासणीला येत नाहीत. त्यांच्या बायका ऑपरेशन टेबलावर जाताहेत."

"टीव्हीवाले पुन्हा यायचे नाहीत."

"बरं होईल. माझं आडनाव तरी नीट राहील."

बाहेर ती एवढं ताठ बोलली, पण घरी येऊन न जेवताच बसली. काकू गवार मोडत होती. उल्काने तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे लॅपटॉप निर्दोष?" काकूने विचारलं.

"आमच्याकडे आलेल्या पुरुषांत फरक दिसला नाही, एवढंच म्हणता येतं."

"आणि त्या बायकांचं?"

"ते दोन्ही वेळा तसंच निघालं. ते खरं आहे."

काकूचे हात थांबले. "आमच्यात काय निघालं असतं गं?"

"आता कसं सांगणार, काकू? कदाचित तुझ्यात, कदाचित काकांत. कदाचित दोघांतही काही नाही."

काकूने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "अहो, ऐकलंत का? एक बाटली भरून द्यायची होती फक्त. तेवढंही जमलं नाही तुम्हाला!" आणि ती हसायला लागली. खूप वेळ हसली, इतका वेळ की उल्काला तिच्याजवळ जाऊन बसावं लागलं. मग काकूने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्या मला ने तिकडे. बघू दे तुझे नवरे."

काकू हिंजवडीला आली आणि बाहेरच्या खोलीत अशी बसली की जणू जागा तिच्याच नावावर आहे. दुपारी केदार नावाचा एक धिप्पाड तरुण, त्याची बायको राजनंदिनी आणि अकोल्याहून आलेली त्याची आई अशी तिघं आली.

"हिचं ऑपरेशन ठरलं आहे जी," आई म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, आधी इथे जाऊन या. आमच्या पोरात काही खोट नाही. पाहा ना कसा आहे तो."

"दिसतोय," काकू म्हणाली. "दंड छान आहेत. पण तपासणी दंडांची नाही." मग तिने आवाज खाली आणला. "माझ्या पोटावर टाके आहेत. बघायचेत? तेव्हा माझ्याही सासूबाई हेच म्हणाल्या होत्या."

आणि ती खरोखरच पदर सारायला लागली. केदारची आई घाईघाईने तिच्या शेजारी बसली. "राहू द्या, राहू द्या. कधी झालं हो हे?" दोघी बोलत राहिल्या. राजनंदिनी मान खाली घालून ऐकत होती. मग तिने नवऱ्याकडे फक्त एकदा पाहिलं. केदार उठला आणि कुणी न सांगता आतल्या खोलीकडे गेला.

त्याच्या रिपोर्टमध्ये शुक्रजंतू जवळजवळ नव्हतेच. चौकशीत कळलं की दंड वाढावेत म्हणून तो जिममध्ये हार्मोनची इंजेक्शनं घेत होता. उल्काने ती बंद करायला लावली आणि राजनंदिनीचं ऑपरेशन रद्द झालं. काही महिन्यांनी त्याचे आकडे सुधारू लागले. पुढे ती दोघं बंगळुरूला गेली. त्यांना मूल झालं की नाही, ते उल्काला कळलं नाही.

दुसरा पेपर छापून आला. त्याच वर्तमानपत्राने त्याला आतल्या पानावर, भाड्याने देण्याच्या फ्लॅटच्या जाहिरातींखाली चार ओळी दिल्या. पण डॉक्टरमंडळींत तो वाचला गेला, आणि नवऱ्याचा रिपोर्ट आल्याशिवाय बायकोला शस्त्रक्रियेची तारीख द्यायची नाही, असा नियम हॉस्पिटलने केला. एका परिषदेत डॉ. बेहेऱ्यांनी तो आपल्याला सुचल्याचं सांगितलं. उल्का तिसऱ्या रांगेत होती. तिने टाळ्या वाजवल्या.

या नियमाविरुद्ध पहिली तक्रार आली ती डॉ. बेहेऱ्यांच्या जावयाची, कारण त्याच्या बायकोची तारीख अडली होती. आपल्यासारख्या माणसाला असल्या ठिकाणी पाठवणं हा अपमान आहे, असं त्याचं म्हणणं. बेहेऱ्यांनी ते ऐकून घेतलं, त्याला गाडीत घातलं आणि स्वतः चालवत, वाहतुकीत अडकत अडकत हिंजवडीला आणलं. जावयाने गॉगल काढला नाही. उल्काने त्याच्या हातात बाटली दिली आणि म्हणाली, "डावीकडचं दार. आतून कडी लावून घ्या, ती जरा सैल आहे."