साठचा भाव

चिल्लरला चिल्लर हे नाव पडलं ते त्याच्या गुणामुळे. दोष असता तर लोकांनी इतकं मनावर घेतलं नसतं.

तो कवळ्या बनवायचा. दातांच्या दवाखान्यामागे जिन्याखाली एक खोली होती. तिथे मेण, बर्नर, प्लास्टरचं पिंप आणि फळीवर म्हाताऱ्या माणसांच्या जबड्यांचे साचे. पुढे डॉक्टर गोड बोलून पैसे घ्यायचे आणि मागे हा दिवसभर दात ओळीने लावत बसायचा. हात सदा प्लास्टरने नाहीतर मेणाने भरलेले. तसले हात मोबाइलला लावले की मोबाइल कामातून गेलाच. म्हणून शेअरच्या नादात त्याने आपल्यापुरती एक पद्धत काढली होती. सकाळी बाजार उघडला की हात स्वच्छ असतानाच काय घ्यायचं ते घ्यायचं, आणि लगेच त्याच दमात जरा वरच्या भावाला विक्रीची ऑर्डर लावून टाकायची. मग मोबाइल कपाटात आणि आपण कामात. भाव तिथवर चढला की माल आपोआप विकला जायचा. दुपारी हात धुऊन बघावं तर खात्यात थोडासा नफा पडलेला असायचा. भाव नाही चढला तर जेवणाच्या सुट्टीत थोडक्या तोट्यावर तो मोकळा व्हायचा.

याला अक्कल म्हणत नाहीत, म्हणे. नसतील म्हणत. पण अक्कलवाले एकामागून एक धुऊन निघत होते आणि हा गडी थेंबे थेंबे तळं साचवत होता.

जेवणाच्या सुट्टीत तो दलालाच्या कचेरीच्या मागच्या खोलीत जाऊन बसायचा. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर लाल-हिरवे आकडे, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. तिथला पुढारी म्हणजे मास्तर. एके काळी शिकवणीत गणित शिकवायचे, आता या खोलीला शिकवायचे. त्यांच्या शेजारी पंपवाला. बापाच्या पेट्रोल पंपाचा पैसा कुठे जिरवावा या चिंतेने तो बाजारात आला होता. खोलीचा एक नियम होता. जो नफ्यातला माल सगळ्यांत आधी विकेल, त्याने साऱ्यांना चहा पाजायचा. भित्र्याचा चहा. हा चहा वर्षानुवर्षं एकच माणूस पाजत आला होता.

"काय मग, आज किती? पाच की दहा?" मास्तर विचारायचे, आणि पंपवाला हात पुढे करून म्हणायचा, "साहेब, सुट्टे असतील तर द्या. तुमच्याकडेच मिळतात."

चिल्लरही सगळ्यांबरोबर हसायचा. रात्री अंथरुणावर मात्र त्याला ते हसू गिळता यायचं नाही. माणसाला शिवी एकदाची पचते, टोपणनाव पचत नाही. ते रोज नव्याने चावतं.

आणि ते घरातही पोचलं होतं. घर थोरल्या भावाचं. धाकट्याच्या संसाराला मागची एक खोली, तीही उपकाराची. कुठूनसं ते नाव दादाच्या कानावर गेलं आणि दादाने ते जेवताना सर्वांसमोर वापरून पाहिलं. वहिनीला फार आवडलं. वहिनी स्वभावाने वाईट नाही असं शेजारी म्हणायचे. शेजाऱ्यांना तिच्या घरात राहावं लागत नव्हतं. गरम पाण्याचं बटण ती स्वतः दाबायची, साबणाची वडी अर्धी करून द्यायची, आणि पाहुणे आले की धाकट्या जावेची ओळख करून द्यायची, "ही आमच्याकडे असते." पाहुण्यांना वाटायचं, कामाला असेल. धाकटी औषधांच्या घाऊक दुकानात दिवसभर बिलं करून यायची आणि आल्यावर साऱ्या घराची भांडी घासायची, त्यामुळे पाहुण्यांचं फारसं चुकतही नव्हतं.

लग्न झाल्यापासून ती एक चकार शब्द बोलली नव्हती. "आपली जागा झाली की बोलेन," ती नवऱ्याला म्हणायची. "तोवर तोंडात गुळणी."

तळं साचत होतं ते त्या जागेसाठी. तिनेच ती शोधून काढली. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघराला खिडकी, खिडकीखाली ओटा. मालकाने सांगितलं, गुरुवारी संध्याकाळपर्यंत पहिली रक्कम आणा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. साठवलेलं सगळं धरूनही त्या रकमेचा तिसरा हिस्सा कमी पडत होता.

सोमवारी सकाळी नवरा-बायको खोलीचं दार लावून मोबाइलसमोर बसली. एका पोलाद कंपनीचे कॉल घ्यायचं त्याने ठरवलं होतं. एका कॉलचा भाव चाळीस.

"कॉल म्हणजे नक्की काय?" तिने विचारलं.

"कंपनीचा शेअर गुरुवारपर्यंत अमुक भावाच्या वर जाईल, अशी पैज म्हणायची. तिकडे सरकायला लागला की आपल्या कॉलचा भाव चढतो. मध्येच विकता येतो."

"आणि नाही गेला तर?"

"गुरुवारी बाजार बंद होताना शून्य."

मग तिने बिलं करणाऱ्या बाईच्या झपाट्याने तोंडी हिशोब केला. "साठला विकलं तर आपलं भागतंय. साठला लावा."

"जास्तही जाईल गं. शंभर, दीडशे."

"जाऊ दे की. आपल्याला खोल्या घ्यायच्यात, कंपनी नाही."

"लोक हसतात मला."

"हसतील त्यांचे दात दिसतील. तुम्हाला तर दातांतलं कळतं," ती म्हणाली, आणि तो मनापासून हसला. होतं नव्हतं ते सगळं त्याने चाळीसच्या भावाने लावलं आणि साठला विक्रीची ऑर्डर टाकली. ऑर्डर त्या त्या दिवसापुरतीच असायची, म्हणून रोज सकाळी ती शेजारी बसून नव्याने टाकून घ्यायची. मगच डबा भरायची.

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारी भाव पस्तिसावर आला आणि त्याच्या हातून एका गिऱ्हाइकाचे पुढचे दात उलटे बसले. बुधवारी अठ्ठेचाळीस झाला. गुरुवारी सकाळी त्याने साठची ऑर्डर टाकली, डॉक्टरांकडून सुट्टी घेतली आणि थेट कचेरीच्या मागच्या खोलीत जाऊन बसला. पैसे आले की तिथूनच मालकाकडे जायचं होतं. त्याच्या हातांना त्या दिवशी प्लास्टर नव्हतं, मेण नव्हतं. हात कोरडे, स्वच्छ आणि रिकामे होते. तिथेच घात झाला.

बाजार उघडताच पोलाद उसळलं. पन्नास, बावन्न, पंचावन्न. मास्तरांकडेही तेच कॉल होते, पंपवाल्याकडे तर पोत्याने. खोलीत कोणी खाली बसेना.

"तू कितीला लावलायस रे?" मास्तरांनी विचारलं.

त्याने सांगायला नको होतं. पण सवय. "साठला."

खोलीत हशा फुटला. पंपवाला तर खुर्ची धरून वाकला. "साठला! अरे, आज हा दोनशे बघणार आहे, आणि हा बाबा साठला सुट्टे घेऊन घरी चाललाय!"

"चहा सांगून ठेवा," कोणीतरी मागून ओरडलं.

मास्तर हसले नाहीत. ते नुसते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "घाई आहे का काही?"

बस्स, एवढंच. घाई होती. संध्याकाळपर्यंतची घाई होती, दोन खोल्यांची होती, बायकोच्या तोंडातल्या गुळणीची होती. यातलं एकही कारण त्याला या लोकांसमोर सांगण्याजोगं वाटलं नाही. "नाही," म्हणत त्याने खिशातून मोबाइल काढला, सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि विक्रीची ऑर्डर रद्द करून टाकली.

टाळ्या पडल्या. पंपवाल्याने त्याला मिठी मारली. "चिल्लरची आज नोट झाली!" मास्तरांनी पाठीवर थाप मारली, आणि तो हात त्यांनी तसाच त्याच्या खांद्यावर ठेवला. सगळ्या आयुष्यात त्याच्या खांद्यावर असा कोणी हात ठेवला नव्हता. खरं सांगायचं तर त्या माणसाला त्या घडीला खोल्या आठवतच नव्हत्या. तो सुखात होता.

भाव साठ झाला. मग एकसष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. मोबाइल वाजायला लागला. बायको. तिच्या नावामुळे आकडे झाकले जात होते म्हणून त्याने फोन कापला. तिने पुन्हा केला, त्याने पुन्हा कापला. मग एक निरोप येऊन पडला, तो त्याने उघडलाच नाही.

चौसष्टवरून भाव अठ्ठावन्नला आला.

अठ्ठावन्नला विकलं असतं तरी निभावलं असतं. दोन-चार हजार कुठूनही उभे राहिले असते. पण मघाशी चौसष्ट होता ना! माणसाला हातचे सहा गेलेले दिसतात, हातात उरलेले अठ्ठावन्न दिसत नाहीत. परत साठ होऊ दे, त्याने ठरवलं, साठला नक्की. भाव एकोणसाठला एकदा टेकला आणि एकोणपन्नासला गेला. मग त्याने ठरवलं, पंचावन्नला. मग ठरवलं, निदान घेतल्या भावाला. बाजार असा खाली खाली जात होता आणि हा त्याच्याशी एक एक पायरी मागे राहून घासाघीस करत होता. पोलाद का पडलं ते खोलीत कोणालाच कळलं नाही. संध्याकाळी टीव्हीवर तिघांनी तीन कारणं सांगितली.

वीस झाला तेव्हा त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर डबा उघडून निवांत जेवत होते.

"मास्तर, आता काय करायचं?"

"कशाचं?"

"कॉलचं. आपल्या."

"माझे कुठे आहेत आता? मी एकसष्टलाच विकले," मास्तर म्हणाले. "यानेही दिले की." पंपवाल्याने मोबाइलमधून मान वर केली नाही.

"मग मला थांब का म्हणालात?"

"मी?" मास्तरांना खरोखरच नवल वाटलं. त्यांनी घास गिळला. "मी थांब म्हणालो? मी विचारलं, घाई आहे का. तू नाही म्हणालास."

नियमाप्रमाणे चहा कोणी पाजायचा, हा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही. लोक एकेक करून निघून गेले. तीन वाजता कॉलचा भाव दोनवर होता. बाजार बंद झाला तेव्हा जिथे आकडा असायचा तिथे शून्य होतं. मग त्याने बायकोचा निरोप उघडला. 'दुकानात पाहिलं. चौसष्ट झाला! मी सुट्टी टाकून घरी चालले, सामान बांधते.'

तो चालत घरी गेला. वाटेत मालकाचा फोन आला, तो त्याने उचलला नाही.

मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गाद्या दोरीने बांधलेल्या, भांडी खोक्यांत, भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढलेलं. बायको खोक्यावर बसली होती. तिचा चेहरा लाल झाला होता, पण डोळे असे चमकत होते की त्याला ती लग्नातली आठवली.

"मी बोलले," ती म्हणाली. "सगळं बोलले हो ताईंना. साबणाच्या वडीपासून काढलं. म्हटलं, तुमच्यासारखी बाई मी जन्मात पाहिली नाही. म्हटलं, आमच्याकडे असते, आमच्याकडे असते, आता बघा कोण असते ती. भावजी पण होते, त्यांनाही सोडलं नाही. म्हटलं, सख्ख्या भावाला नावं ठेवून हसता, तो भाऊ आज तुमच्या नाकावर टिच्चून स्वतःच्या घरात चाललाय. आत्ता दोन तास झाले, दोघांच्या तोंडून शब्द नाही. अहो, इतकं हलकं वाटतंय!" मग ती थांबली. "पैसे दिले ना मालकाला?"

तो दाराशीच उभा होता.

"ऑर्डर तर लागलेली होती," ती म्हणाली. "माझ्यासमोर टाकलीत. साठच्या वर गेला म्हणजे विकलं गेलं. आपोआप."

"मी रद्द केली."

"कधी?"

"साठ व्हायच्या आधी. सगळे हसले म्हणून."

ती रडली नाही, ओरडली नाही. त्याला वाटलं होतं ती अंगावर येईल, निदान कपाळ बडवून घेईल. मनातून त्याला तेच हवं होतं. ती खोक्यावर बसून गादीच्या दोरीच्या गाठीकडे बघत राहिली. मग तिने गाठ सोडली, गादी जागेवर पसरली, चादर घातली. पदर सारखा केला. आणि त्याच्याकडे न बघता बाहेर गेली.

मधल्या दारातून त्याला ऐकू येत होतं. दिवाणखान्यात टीव्ही चालू होता. त्या आवाजात बायकोचं बोलणं पुसट येत होतं. चुकलं माझं. डोकं फिरलं होतं. आम्ही इथेच राहतोय, मोठ्या मनाने पोटात घाला.

"काय?" वहिनी म्हणाली. "ऐकू नाही आलं गं. जरा मोठ्याने बोल."

दादाने टीव्हीचा आवाज बंद केला. बायकोने पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं.